पहिली इलेक्ट्रिक गाडी: कोरी घ्यायची की वापरलेली?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण पहिलाच प्रश्न विचारतात, "नवी घेऊ की सेकंडहँड?" मी त्यांना जरा थांबवतो. हा प्रश्न चौथ्या पायरीवरचा आहे. आधीच्या तीन पायऱ्या नीट चढल्या की पुष्कळदा तो विचारायची गरजच उरत नाही.

पेट्रोलची जुनी गाडी बघायला गेलो की आपण इंजिनचा आवाज ऐकतो, सायलेन्सरमधला धूर बघतो, क्लच किती वर आलाय ते पायाने चाचपतो. इलेक्ट्रिकमध्ये यातलं काहीच हाताला लागत नाही. मोटर सहसा दगा देत नाही, बदलायचे गिअर नाहीत, इंजिन ऑइलही नाही. सगळा जीव बॅटरीत, आणि ती गाडीच्या पोटाखाली सीलबंद पेटीत. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा एकटा वाटाही तिचाच. म्हणून वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेताना तुम्ही मुळात वापरलेली बॅटरी घेत असता आणि पुढचं सगळं गणित तिच्या उरलेल्या आयुष्याचं असतं.

मी स्वतः वापरलेली घेतली. त्याआधी एक घेता घेता वाचलो, ती गोष्ट पुढे सांगतो.

पायरी १: गाडी रात्री कुठे उभी राहणार?

शोरूमच्या आधी आपल्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा. तुमच्या मीटरवरून तिथपर्यंत वीज आणता येते का? हे एकच उत्तर बाकी अर्धे निर्णय करून टाकतं.

साध्या पण दणकट वायरिंग असलेल्या सॉकेटवर गाडी सव्वादोन-अडीच किलोवॅटने चार्ज होते. रात्रीचे १० तास लावून ठेवली तर मीटरवर २३ युनिट पडतात. चार्जिंगमधली गळती वजा जाता २० च्या आसपास बॅटरीत पोचतात. छोटी किंवा मध्यम गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते. म्हणजे झोपेत सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर भरून झाले. भिंतीवर ७ किलोवॅटचा चार्जर बसवला तर तेवढंच काम सव्वातीन तासांत होतं. रोज शंभराच्या आत फिरणाऱ्याला त्याची निकड नसते. चार्जर विकणारा तसं म्हणणार नाही, ते सोडा.

एक्सटेंशन बोर्ड मात्र नको. इस्त्री पंधरा मिनिटं चालते, गाडी दहा तास पूर्ण लोड घेते. सॉकेट पिवळा पडणं, प्लगच्या पिना गरम लागणं ही पुढच्या अपघाताची पहिली खूण. वायरमनला बोलावून अर्थिंग आणि वायरची जाडी तपासून घ्या, आणि गाडीसाठी वेगळी एमसीबी टाकून घ्या.

याचा नव्या-जुन्याशी संबंध असा, की घरी चार्जिंग असेल तर कमी रेंजची (म्हणजे एका चार्जमध्ये कमी अंतर जाणारी), सावकाश चार्ज होणारी जुनी गाडीही मजेत चालते, कारण ती रोज सकाळी भरलेलीच असते. घरी सोय नसेल तर सगळी मदार रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर येते. तिथे जुन्या गाड्यांचा मंदपणा रोज छळतो. अशा माणसाने एकतर फास्ट चार्जिंगला तरबेज असलेली अलीकडची गाडी घ्यावी, नाहीतर पार्किंगचा प्रश्न सुटेपर्यंत थांबावं.

पायरी २: आठवडाभर अंतर लिहून काढा

अंदाज नको, वहीत लिहा. रोज ओडोमीटर बघायचा आणि आकडा टिपायचा. बहुतेकांना स्वतःच्या आकड्याचं आश्चर्य वाटतं, कारण मनात असतात ते गावाला जायचे चारशे किलोमीटर आणि वहीत निघतात रोजचे पस्तीस.

मग वर्षातल्या लांबच्या फेऱ्या वेगळ्या मोजा. वर्षाला चार-सहा फेऱ्या असतील तर त्यांच्यासाठी मोठ्या बॅटरीचे पैसे कायमचे गुंतवण्यापेक्षा वाटेत दोनदा चार्जिंगला थांबलेलं परवडतं. दर शनिवारी जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता रेंजच्या आकड्यांबद्दल. जाहिरातीतला आकडा कुठल्या चाचणीतला आहे हे कळल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. निसान लीफच्या ४० किलोवॅट-अवरच्या, म्हणजे ४० युनिटच्या, मॉडेलचं उदाहरण घ्या. युरोपातल्या जुन्या एनईडीसी चाचणीत तिची रेंज ३७८ किलोमीटर, नंतरच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत २७०, आणि अमेरिकेच्या ईपीए चाचणीत २४३ च्या आसपास. गाडी तीच, बॅटरी तीच. सेकंडहँड गाडीच्या जाहिरातीत यातला कुठला आकडा छापला जातो हे तुम्ही ओळखलंच असेल.

मिळालेल्या खऱ्या रेंजमधूनही रोज वापरायला सगळी मिळत नाही. पुष्कळ बॅटऱ्या रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरायच्या असतात, आणि २० च्या खाली गेलं की माणूस अस्वस्थ होतो. उरले ६० टक्के. खरी रेंज १८० किलोमीटर असलेल्या जुन्या गाडीत ते १०८ किलोमीटर होतात. रोजच्या पस्तीसवाल्याला तीन दिवसांची बेगमी. हायवेला सलग वेगात मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि कडाक्याच्या थंडीत हीटर व गारठलेली बॅटरी मिळून पाव हिस्सा रेंज सहज खातात. तुमच्याकडे यातलं जे असेल ते धरून हिशोब करा.

पायरी ३: बॅटरी कशी म्हातारी होते

इथे वेळ घालवा, कारण विकणारे नेमके इथेच गुळमुळीत बोलतात.

बॅटरी दोन वाटांनी झिजते, वयाने आणि वापराने. हजारो गाड्यांच्या नोंदींमधून दिसतं ते हे, की सरासरीने वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास क्षमता जाते. सुरुवातीच्या वर्ष-दोन वर्षांत घसरण जरा जास्त, मग ती संथ होते. म्हणजे पाच वर्षांच्या चांगल्या गाडीत नव्वदीच्या आसपास क्षमता शिल्लक असायला हवी. या उरलेल्या क्षमतेला धंद्यातले लोक 'एसओएच' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

झीज वाढवणारी मोठी गोष्ट म्हणजे उष्णता. २०१० च्या शेवटी बाजारात आलेल्या पहिल्या लीफमध्ये बॅटरी थंड ठेवायची पाण्याची किंवा पंख्याची व्यवस्था नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या तापणाऱ्या भागातल्या मालकांनी २०१२ मध्येच क्षमता झपाट्याने जात असल्याची ओरड केली. त्याच काळात द्रवरूप कूलंटने थंड होणाऱ्या बॅटऱ्या पुष्कळ टिकल्या. म्हणून जुनी गाडी बघताना 'लिक्विड कूलिंग आहे का' हा प्रश्न रंगाच्या आधी विचारायचा.

दुसरी वाईट सवय म्हणजे १०० टक्के भरून, उन्हात, आठवडेच्या आठवडे गाडी उभी ठेवणं. यातून एक उलटी गोष्ट निघते. पेट्रोलच्या गाडीत कमी किलोमीटर म्हणजे सोनं. इलेक्ट्रिकमध्ये पाच वर्षांत जेमतेम १४,००० किलोमीटर चाललेली गाडी ही रोज धावलेल्या ८०,००० किलोमीटरच्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते.

रसायनही विचारा. साधारण दोन कुळं भेटतील. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट, वजनाच्या मानाने जास्त वीज साठवते, पण तिला ८० टक्क्यांची शिस्त लागते. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट, जड असते, थंडीत चार्ज व्हायला कुरकुरते, पण चार्जिंगची आवर्तनं कितीतरी जास्त सोसते आणि पेट घ्यायला सहजी तयार होत नाही. बीवायडी या चिनी कंपनीची २०२० ची ब्लेड बॅटरी याच कुळातली, टेस्लाच्या मॉडेल ३ च्या कमी रेंजच्या आवृत्तीतही २०२१ च्या सुमारास हीच आली. एलएफपीत चार्ज कमी-जास्त झाला तरी व्होल्टेज जवळपास सपाट राहतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा अंदाज गाडीचा चुकत जातो. म्हणून अशा गाड्यांना अधूनमधून १०० टक्के भरायला कंपनीच सांगते. सेकंडहँड घेणाऱ्याला मी एलएफपी मिळत असेल तर तीच घ्या म्हणतो. आधीच्या मालकाने चार्जिंगचे नियम पाळले नसले तरी ती पोटात घालते.

वॉरंटी बहुतेक कंपन्यांची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच बॅटरी दुरुस्त किंवा बदलून मिळते. ७२ वर आली तर हात हलवत परत. आणि घड्याळ सुरू होतं ते पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या दिवसापासून, तुमच्या हातात आली तेव्हापासून नाही. काही कंपन्या दुसऱ्या मालकाला कमी हक्क देतात. वॉरंटीचं पुस्तक मागून 'हस्तांतर' असं जिथे लिहिलंय तो परिच्छेद स्वतः वाचा.

पायरी ४: आता नवी की जुनी

नव्या गाडीची किंमत १०० धरू. आकडे माझे, समजुतीपुरते. तुमच्या बाजारातले घालून हाच हिशोब पुन्हा मांडा.

नवी घेतली १०० ला, पाच वर्षांनी विकली ४० ला. गेले ६०, वर्षाला १२. आता तीच गाडी तीन वर्षांची झालेली ५५ ला घेतली आणि पाच वर्षं वापरली. विकताना ती आठ वर्षांची, बॅटरीची वॉरंटी संपलेली, म्हणून मिळाले फक्त १५. गेले ४०, वर्षाला ८. फरक मोठा आहे. पण नवी घेणाऱ्याने ती दहा वर्षं ठेवली आणि शेवटी १० ला विकली तर? ९० भागिले १०, वर्षाला ९. फरक जवळपास पुसला गेला.

तेव्हा पहिली विचारणा स्वतःला करा, ही गाडी मी किती वर्षं ठेवणार आहे? दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलायची सवय असणाऱ्याने नवी इलेक्ट्रिक घेणं म्हणजे घसरणीचा सगळ्यात उभा भाग स्वतःच्या खिशातून भरणं. इलेक्ट्रिकमध्ये ही घसरण पेट्रोलपेक्षा जास्त उभी असते, कारण पुढच्या वर्षीचं मॉडेल जास्त रेंज घेऊन येतं, आणि कंपनी नव्या गाडीचीच किंमत उतरवू शकते. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने अनेक देशांत एका फटक्यात किमती कमी केल्या. आदल्या महिन्यात गाडी घेतलेल्यांच्या गाडीची सेकंडहँड किंमत रातोरात खाली आली.

नवी घ्यावी असं मी कोणाला सांगतो? दहा वर्षं ठेवणाऱ्याला. ज्याला सरकारी सवलत फक्त नव्या गाडीवर मिळते आणि ती घसघशीत आहे, त्याला. घरी चार्जिंग नसल्याने फास्ट चार्जिंगचा वेग लागतो, त्याला. आणि ज्याच्या हातात गाडी तपासायला वेळ नाही किंवा जीव घाबरतो, त्यालाही. मनःशांतीचे पैसे मोजायला हरकत नाही, फक्त ते मोजतोय हे ठाऊक असू द्या.

बाकीच्यांना, आणि त्यात पहिल्यांदाच इलेक्ट्रिककडे वळणारे आले, मी दोन ते चार वर्षांची गाडी सुचवतो. पहिल्या गाडीत आपल्याला नक्की काय हवंय हे कळत नाही. किती रेंज पुरते, फास्ट चार्जिंग किती वेळा लागतं, हे वर्षभर वापरल्यावर उमजतं. ते शिक्षण निम्म्या किमतीत घेतलेलं बरं. चार वर्षांच्या गाडीत बॅटरीची वॉरंटी अजून चार वर्षं असते, आणि बॅटरीत काही मूळचा दोष असेल तर तो बहुधा तोवर बाहेर आलेला असतो.

सहा वर्षांपेक्षा जुनी गाडी मात्र हौशी माणसाचं काम. ती स्वस्त मिळते, पण बॅटरी बदलायची वेळ आलीच तर खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो.

मधली वाटही आहे. शोरूमची डेमो गाडी किंवा लीजवरून परत आलेली गाडी. डेमो गाडीत एकच बघा, वॉरंटी कधी सुरू झाली. सहा-आठ महिने आधीच सरलेले असतात, तेवढे पैसे कमी करून मागा.

पायरी ५: वापरलेली गाडी तपासताना

आता ती गोष्ट. गाडी पाच वर्षांची, १४,००० किलोमीटर, रंगाला ओरखडा नाही. मालक कौतुकाने म्हणाले, "घरातच असते हो, लागेल तेव्हा तयार म्हणून कायम फुल भरून ठेवतो." डॅशबोर्डवर १०० टक्के आणि रेंज २६० किलोमीटर. छानच की.

डॅशबोर्डवरची ती रेंज म्हणजे गाडीने केलेला अंदाज असतो, मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून बांधलेला. गल्लीत सावकाश फिरवलेल्या गाडीला वाटतं जग असंच चालतं. मी ट्रिप मीटर शून्य केला आणि ८० किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह मागितली. मालक मागच्या सीटवर बसून घड्याळ बघत होते. परत आलो तेव्हा सरासरी खप १०० किलोमीटरला १५ युनिट, म्हणजे वापरले १२ युनिट. टक्के १०० वरून ६२. बारा युनिटसाठी ३८ टक्के गेले, तर १०० टक्क्यांत किती? १२ भागिले ०.३८, साडेएकतीस. नवी असताना वापरता येणारी क्षमता ३९ युनिट होती. उरली ८१ टक्के. पाच वर्षांच्या, जेमतेम चाललेल्या गाडीला हे कमी आहे, आणि ७० च्या वर असल्याने वॉरंटीतून काही मिळणारही नाही. नमस्कार करून निघालो.

हा हिशोब कुठल्याही गाडीवर करता येतो. फक्त निदान ३० टक्के तरी चार्ज वापरा, नाहीतर चूक फार येते. आणि कंपनीच्या पत्रकातली 'वापरता येणारी' क्षमता धरा, एकूण क्षमता नाही. दोन्हींत दोन-चार युनिटचा फरक असतो.

यापेक्षा नेमकं हवं असेल तर ओबीडी पोर्टात (मेकॅनिक गाडीचा कॉम्प्युटर तपासतात त्या सॉकेटात) बसणारा छोटा डोंगल आणि मोबाइलवर ॲप घ्या. लीफसाठी 'लीफस्पाय' वर्षानुवर्षं वापरात आहे. त्यात एसओएचचा आकडा दिसतो आणि एकेका सेलचं व्होल्टेजही. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सेल यांत २०-३० मिलिव्होल्टचा फरक असेल तर ठीक. चार्ज कमी असताना तो १०० च्या पुढे जात असेल तर एखादा सेल लंगडतोय. काही गाड्या मात्र कित्येक वर्षं एसओएच १००च दाखवतात, कारण कंपनीने वर राखीव भाग ठेवलेला असतो आणि झीज आधी त्यातून जाते. तिथे वरचा हिशोबच कामाला येतो. लीफच्या डॅशबोर्डवर बॅटरीच्या तब्येतीचे १२ दांडे असतात. पहिला दांडा जातो तो क्षमता सुमारे १५ टक्के घटल्यावर, आणि ते दांडे रीसेट करून पुन्हा बारा दाखवणारे महाभागही आहेत. काही दिवस चालवली की दांडे परत गळतात. तोवर सौदा झालेला असतो.

फास्ट चार्जरवर एकदा लावून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. बॅटरी २०-३० टक्क्यांवर असताना नेऊन लावायची. गाडीच्या चार्जिंगच्या कमाल वेगाच्या आसपास किलोवॅट दिसले तर ठीक, अगदीच कमी दिसले तर बॅटरी गार आहे की काही बिघाड, हे शोधायचं. तिथेच पोर्टही बघा. जुन्या जपानी गाड्यांना फास्ट चार्जिंगसाठी शाडेमो नावाचा पोर्ट असतो, आणि युरोप-अमेरिकेत नवे चार्जर सीसीएस या दुसऱ्या पद्धतीच्या पोर्टाकडे किंवा अमेरिकेत टेस्लाच्या पोर्टाकडे वळलेत. शाडेमोचा पोर्ट असलेली गाडी घरच्या चार्जिंगवर चालवायला उत्तम, लांबच्या प्रवासाला दिवसेंदिवस अवघड. घरच्या चार्जिंगचा वेगही गाडीच्या आतल्या चार्जरवर ठरतो. गाडीत ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ११ चा लावून काही उपयोग नाही.

मग खालून बघा. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या पेटीचा तळ तपासायचा. दगडाचा खोल पोचा, वाकलेली कड, नव्याने मारलेला काळा रंग दिसला तर तिथेच थांबा. पाण्यात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळो, नको. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि गालिच्याखालचा गाळ खोटं बोलत नाहीत.

टायर वजनामुळे आणि मोटरच्या झटक्यामुळे लवकर झिजतात, आतल्या कडेला हात फिरवून बघा. ब्रेकचं उलटं असतं. वेग कमी करण्याचं बरंच काम मोटरच करते, त्यामुळे पॅड नव्यासारखे आणि डिस्कवर गंजाचा थर. आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही ही मेली की गाडी उठत नाही, कित्येकदा दारही उघडत नाही. चार-पाच वर्षांची असेल तर बदलायला लागणारच असं धरून पैसे कमी करा.

कागदपत्रांत तीन गोष्टी आहेत ज्या पेट्रोलवाल्याला सुचणार नाहीत. एक, बॅटरी मालकीची आहे ना? रेनो झोईच्या सुरुवातीच्या अनेक गाड्या बॅटरी भाड्याने ठेवून विकल्या गेल्या. गाडी तुमची झाली तरी बॅटरीचं मासिक भाडं पुढे चालू राहतं. दोन, रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. चासी नंबर कंपनीला देऊन विचारायचं, काही काम बाकी आहे का. आगीच्या धोक्यामुळे २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्टच्या सगळ्या गाड्या रिकॉल झाल्या आणि त्यातल्या पुष्कळ गाड्यांत नवे बॅटरी मॉड्यूल बसवले गेले, स्वतःच्या नव्या वॉरंटीसकट. अशी गाडी सापडली तर ती बाहेरून जुनी आणि आतून तरुण असते. मी कधी कधी रिकॉल झालेल्या गाड्याच मुद्दाम शोधायला सांगतो. तीन, गाडीचं इंटरनेट आणि ॲप. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी बंद झाल्यावर कितीतरी जुन्या गाड्यांची ॲपं मुकी झाली. पहिल्या मालकाने पैसे देऊन घेतलेली सॉफ्टवेअरची सोय तुमच्या नावावर येते का, हेही लेखी घ्या.

चार्जिंग केबल डिकीत आहे का ते बघायला विसरू नका. हसू नका, विसरतात.

पायरी ६: नवी घेत असाल तर

इथे तपासायला कमी आहे. गाडी कधी बनली ती तारीख विचारा. यार्डात आठ-दहा महिने उभी राहिलेली 'नवी' गाडी असेल तर बॅटरीचं वय तेवढं सरलंय, सूट मागा. त्या मॉडेलची पुढची आवृत्ती तोंडावर आली आहे का ते चौकशी करून ठेवा. आणि कंपनी टिकेल का याचा विचार करा. फिस्कर या अमेरिकी कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि तिच्या ओशन गाडीच्या मालकांना सुटे भाग व सॉफ्टवेअर अपडेटसाठी एकमेकांचाच आधार घ्यावा लागला. कागदावरची आठ वर्षांची वॉरंटी कंपनी असेपर्यंतच खरी.

मोठ्या बॅटरीचा पर्याय असेल तर पायरी २ मधली वही काढा. विक्रेत्याशी बोलताना ती हातात असू द्या.

पायरी ७: सौदा झाला, त्या दिवशी

गाडी ताब्यात घेताना आधीच्या मालकाचं खातं गाडीतून आणि त्याच्या मोबाइलमधून तिथल्या तिथे काढायला लावा. एका ओळखीच्या गृहस्थांनी हे राहू दिलं, आणि तीन आठवडे रोज सकाळी सहाला त्यांच्या गाडीचा एसी आपोआप सुरू व्हायचा. जुन्या मालकाने लावलेली वेळ होती ती.

मी घेतली ती गाडी तीन वर्षांची होती, ६२,००० किलोमीटर चाललेली, डाव्या दाराला पोचा, एसओएच ९२. पोच्यामुळे किंमत आणखी थोडी उतरली, तो अजून तसाच आहे. पहिल्या रात्री १०० टक्के भरली आणि सकाळी चार फोटो काढले: ओडोमीटर, टक्के, डॅशबोर्डवरची रेंज, आणि ॲपमधला एसओएचचा आकडा. हेच फोटो दर सहा महिन्यांनी काढतो आणि वॉरंटीच्या पुस्तकात तारीख घालून लिहितो. उद्या क्षमता ७० च्या खाली गेली आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने "सुरुवातीपासूनच अशी असेल" म्हटलं, तर पुढे करायला ते पान आहे.